हॉगवर्ट्सच्या गेमबद्दल तुमची पत्रं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की पुस्तकावर बेतलेल्या गेममध्ये गोष्टीपेक्षा जागा महत्त्वाची असते, आणि उदाहरण हॅरी पॉटरचं, म्हणजे त्याच्या हॉगवर्ट्स या किल्ल्यात भरणाऱ्या जादूच्या शाळेचं, दिलं होतं. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देते आहे.

ताई, आठ-नऊ वर्षांचा असताना मी घरच्या कॉम्प्युटरवर हॅरी पॉटरचा पहिला गेम खेळलो. माउसने मंत्राची आकृती गिरवायची, हे मला पक्कं आठवतं. माझा नागपूरचा मामेभाऊ म्हणतो, असं काही नव्हतंच. तो प्लेस्टेशनवर खेळायचा. दर दिवाळीत आमचं यावरून वाजतं. कोण बरोबर? आणि तो गेम आज मिळेल का?
— एक वाचक, ठाणे

दोघंही बरोबर आहात. पहिला सिनेमा नोव्हेंबर २००१ मध्ये आला आणि त्याच महिन्यात इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने गेम बाजारात आणला. डब्यावर नाव एकच, पण आत प्रत्येक मशीनसाठी वेगळा गेम होता, आणि तो करणारे लोकही वेगळे होते. तुम्ही खेळलात तो कॉम्प्युटरचा गेम नोवंडर या अमेरिकी स्टुडिओचा. मामेभावाचा प्लेस्टेशनचा गेम इंग्लंडच्या आर्गोनॉटने केला. गेमबॉय कलरवरचा तिसराच, ग्रिप्टोनाइटचा. त्यात जपानी गेमसारखी पाळीपाळीने लढाई असायची: आधी हॅरी मंत्र टाकणार, मग समोरचा उंदीर चावणार, मग पुन्हा हॅरी. पुढे २००३ मध्ये प्लेस्टेशन टू, एक्सबॉक्स आणि गेमक्यूबसाठी हीच पहिली गोष्ट वॉरथॉग नावाच्या चौथ्या कंपनीने पुन्हा नव्याने रचली. तेव्हा तुमच्या घरात पाचवा भाऊ निघाला आणि त्याने आणखी वेगळं काही सांगितलं, तर त्याच्याशीही भांडू नका.

तुमच्या गेमबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तो माझ्या फार जवळचा आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं सायबर कॅफे होतं. संध्याकाळी शाळा सुटली की पोरं दप्तरासकट यायची आणि कोपऱ्यातल्या मशीनसाठी नंबर लावायची, कारण त्या मशीनचा माउस चांगला होता. या गेमला चांगला माउस लागायचाच. वर्ग सुरू झाला की पडद्यावर मंत्राची आकृती उमटायची आणि बटण दाबून धरून ती रेघेवरून गिरवायची. हात हलला की रेघ सुटायची. जमलं की तीच आकृती पुन्हा, जास्त वेगात. एक सहावीतली मुलगी जीभ दातांत धरून, मनगट टेबलाला टेकवून ते करायची, आणि मागे उभी असलेली मुलं श्वास रोखून बघायची. रेघ पुरी झाली की सगळे मिळून ओरडायचे, "फ्लिपेंडो!"

हा फ्लिपेंडो पुस्तकांत कुठेच नाही. वस्तू ढकलायला, भिंतीतली बटणं दाबायला गेमला एक साधा, दिवसभर वापरता येईल असा मंत्र हवा होता, म्हणून तो गेमवाल्यांनी रचला. दुसऱ्या गेममध्ये त्यांनी स्कर्ज आणि स्पाँजिफाय आणले. तिसऱ्यात लॅपिफोर्स आणला: हॅरीची मैत्रीण हर्मायनी दगडी सशावर तो टाकते, ससा जिवंत होतो आणि मग त्या सशाला आपण भिंतीच्या बिळातून पलीकडे न्यायचं. पुस्तक वाचताना मुलगी मंत्र वाचते, गेममध्ये तिला तो कशासाठी वापरायचा हे स्वतः ठरवावं लागतं. पुस्तकाला धक्का न लावता त्यात भर घालणं म्हणतात ते हे, आणि या कंपन्यांना त्याचं श्रेय क्वचितच मिळतं.

संगीताचंही तेच. पहिल्या चार गेमचं संगीत जेरेमी सोल यांचं आहे, सिनेमातलं उचललेलं नाही. दुसऱ्या गेमच्या संगीताला ब्रिटनचा बाफ्ता पुरस्कार मिळाला. रात्री किल्ल्यात एकट्याने फिरताना मागे जे वाजतं ते आजही ऐका, अंगावर काटा येतो.

आता मिळण्याचं. हे जुने गेम आज स्टीमसारख्या कोणत्याही अधिकृत ऑनलाइन दुकानात विकायला नाहीत. जुनी सीडी हाताशी असली तरी अडचण येऊ शकते. त्या काळच्या बऱ्याच सीडींवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं आणि त्याला लागणारा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मधून काढून टाकला, त्यामुळे सीडी फिरते पण गेम उघडत नाही. कुणाच्या माळ्यावर विंडोज एक्सपीचं चालू मशीन पडलेलं असेल तर तो सर्वांत सरळ मार्ग. मामेभावाचं काम सोपं आहे. जुनं प्लेस्टेशन आणि तबकडी शाबूत असेल तर लावायची आणि खेळायचं. येत्या दिवाळीत तेच करा.

माझी मुलगी दहा वर्षांची. मैत्रिणीच्या फोनवर तिने 'हॉगवर्ट्स मिस्टरी' पाहिला आणि आता माझ्या फोनवर हवा म्हणून मागे लागली आहे. म्हणते, फुकट आहे. घेऊ का?
— एक आई, सातारा

उतरवून घ्यायला फुकट आहे, खेळायला नाही. थांबायची तयारी असेल तरच तो फुकटात खेळता येतो, आणि दहा वर्षांच्या मुलीला थांबायला लावण्यावरच त्याची सगळी कमाई उभी आहे.

जॅम सिटी कंपनीने हा गेम एप्रिल २०१८ मध्ये आणला. मांडणी छान आहे हे आधी सांगते. काळ हॅरीच्या आधीचा, १९८० च्या दशकातला. आपण आपली स्वतःची विद्यार्थिनी तयार करायची, तिचा भाऊ बेपत्ता आहे, त्याचा माग काढायचा. सिनेमात काम केलेल्या मॅगी स्मिथ आणि मायकेल गॅम्बन यांनी प्रोफेसर मॅक्गोनॅगल आणि डम्बलडोर यांना आपले खरे आवाज दिले आहेत. मुलीला तो आवडेलच.

पण प्रत्येक कृतीला 'एनर्जी' लागते आणि ती संपली की काही मिनिटांनी एक-एक करून भरते. पहिल्याच वर्षात एक प्रसंग आहे. वर्गातली एक मुलगी आपल्याला फसवून एका खोलीत पाठवते आणि तिथे डेव्हिल्स स्नेअर ही वेल आपल्याला आवळते. सुटण्यासाठी बोटाने टॅप करत राहायचं, आणि नेमकी तिथेच एनर्जी संपते. पडद्यावर अकरा वर्षांचं पोर वेलीत अडकलेलं, आणि पुढे दोन रस्ते: थांबा, किंवा रत्नं वापरून एनर्जी घ्या. रत्नं संपली की खऱ्या पैशांनी विकत घ्या. गेम आला तेव्हाच यावर जगभर टीका झाली. मला हे अजिबात मान्य नाही. मूल सर्वांत घाबरलेलं असतं त्या क्षणी त्याच्यापुढे दुकान उघडायचं, हा खेळ नव्हे.

माझं मत विचाराल तर, दहा वर्षांच्या मुलीला नको. द्यायचाच झाला तर आधी प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं करा आणि तिथे जोडलेलं कार्ड किंवा यूपीआय काढून टाका. आयफोन असेल तर स्क्रीन टाइममध्ये जाऊन ॲपमधली खरेदी पूर्ण बंद करता येते. हे आधी, गेम नंतर. आणि ती वेलीची खोली येईल तेव्हा तिच्या शेजारी बसा. "चल, जेवून येऊ, तोवर भरेल," एवढं म्हणणारं माणूस जवळ असलं की त्या दुकानाचा जोर बराच कमी होतो.

'हॉगवर्ट्स लेगसी' घ्यायचा आहे. लॅपटॉप आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. चालेल ना ताई?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, इचलकरंजी

नाही चालणार. कंपनीने सांगितलेली किमान गरजच १६ जीबी रॅम, जीटीएक्स ९६० सारखं चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड आणि ८५ जीबी मोकळी जागा अशी आहे. 'लो सेटिंगला रेटून चालवतो' म्हणणारे व्हिडिओ बघून पैसे घालू नकोस. घेतलासच तर स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मागता येतात, हे लक्षात ठेव. तुझ्या लॅपटॉपला झेपेल अशा गेमबद्दल शेवटच्या पत्राच्या उत्तरात वाच.

मी गणिताचा निवृत्त शिक्षक. ही पुस्तकं मी आधी मराठीत वाचली, नंतर नातवाबरोबर इंग्रजीत. सुट्टीत त्याने मला 'हॉगवर्ट्स लेगसी' दाखवला. त्यात हॅरी नाही, रॉन नाही, हर्मायनी नाही. मूळ गोष्टच नसेल तर त्याला त्या पुस्तकांचा गेम का म्हणायचं? नातू म्हणतो, म्हणूनच तो चांगला आहे. मला हे पटत नाही.
— एक आजोबा, रत्नागिरी

सर, नातवाच्या बाजूने बोलते, पण तुमच्या प्रश्नात तथ्य आहे.

मूळ गोष्ट सांगणारे आठ गेम होऊन गेले. ते सिनेमाबरोबर यायचे. सिनेमाची तारीख ठरली की गेमची तारीख ठरली, तयार असो वा नसो. सहावा सिनेमा २००८ च्या नोव्हेंबरातून २००९ च्या जुलैपर्यंत पुढे ढकलला, तर गेमही पुढे गेला. अशा घाईत गोष्ट मुळाबरहुकूम सांगायची म्हणजे काय उरतं? सिनेमातले धावपळीचे प्रसंग. चौथ्या गेममध्ये किल्ल्यात मोकळं फिरणंच काढून टाकलं आणि तुकड्यातुकड्यांची मोहीम केली. शेवटच्या पुस्तकावरच्या दोन गेममध्ये, २०१० आणि २०११ साली, छडीची जवळजवळ बंदूक झाली: भिंतीआड दबा धरायचा आणि समोरच्यांवर मंत्र झाडायचे. त्या पुस्तकात हॅरी आणि त्याचे मित्र शाळेत शिकत नाहीत, शेवटच्या लढाईपुरते तिथे येतात, म्हणून गेममध्येही शाळेतलं रोजचं जगणं नाही, आणि ते नसल्यावर त्या गेमला स्वतःचं असं काहीच राहिलं नाही. गोष्टीशी इमान राखूनही हे गेम पुस्तकापासून सर्वांत लांब गेले, असं मला वाटतं.

या सगळ्यात २००७ चा पाचवा गेम वेगळा निघाला. त्यांनी सिनेमाच्या सेटचा आधार घेऊन पूर्ण किल्ला बांधला आणि खेळणाऱ्याला त्यात सोडून दिलं. कुठे जायचं ते मरॉडर्स मॅप या जादूच्या नकाशावर निवडलं की आपल्या पायांपुढे जमिनीवर काळी पावलं उमटत जातात आणि आपण त्यांच्या मागे जिने, व्हरांडे, चौक ओलांडत जातो. काही दिवसांनी पावलांकडे बघावंच लागत नाही. ग्रंथालय कुठे, ग्रेट हॉल कुठे, कोणत्या तसबिरीला परवलीचा शब्द सांगितला की जवळची वाट उघडते, हे पायांना कळलेलं असतं. पुस्तकाची सात पारायणं केली तरी हे कळत नाही. हे फक्त गेमच देऊ शकतो. २००९ च्या गेममध्ये काढे करायचा वर्गही तसाच हाताने करायचा होता: बाटली उचला, बेताने ओता, ढवळा, आच द्या, आणि जास्त ओतलं तर वाफा येऊन सगळं बिघडतं.

'लेगसी' हा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा. सॉल्ट लेक सिटीच्या ॲव्हलांच सॉफ्टवेअरने तो केला, फेब्रुवारी २०२३ मध्ये आला. सिनेमा बरोबर नव्हता, म्हणून त्यांना वेळ मिळाला. काळ १८९० च्या दशकातला घेतला, म्हणून हॅरीचा प्रश्नच उद्भवला नाही. आपण पाचव्या वर्षात दाखल झालेला नवा विद्यार्थी. त्या एका वर्षात त्याच्या दोन कोटींहून जास्त प्रती खपल्या. लोकांना हॅरी व्हायचं नव्हतं, त्या शाळेत स्वतः नाव घालायचं होतं, हे यातून मला तरी स्वच्छ दिसतं.

आता खास तुमच्यासाठी. नातवाला सांगा, किल्ल्यातली गणिताची दारं दाखव. दाराच्या चौकटीवर प्राण्यांची चित्रं आहेत आणि प्रत्येक प्राणी म्हणजे एक अंक. एकशिंगी युनिकॉर्न म्हणजे १, दोन शिंगांचा ग्राफॉर्न म्हणजे २, तीन तोंडांचा साप ३, आठ पायांचा कोळी ८, नऊ तोंडांचा हायड्रा ९. आणि अदृश्य होऊ शकणारा डेमिगाइज हा प्राणी म्हणजे शून्य! दारावर त्रिकोण असतात. मधे बेरीज दिलेली, कोपऱ्यांत दोन अंक किंवा प्राणी, आणि तिसऱ्या जागी प्रश्नचिन्ह. उणा अंक काढायचा, त्याचा प्राणी फिरवून समोर आणायचा, की दार उघडतं. कुणी येऊन समजावून सांगत नाही. अंक आणि प्राणी यांचा संबंध मुलाने स्वतः शोधायचा. तुम्ही आयुष्यभर वर्गात जे केलंत, ते इथे एक दार करतं आहे.

तुमच्या हरकतीतला मला पटणारा भाग असा. शाळा दाखवली आहे, पण शाळेचं वर्ष नाही. वेळापत्रक नाही, रात्री बाहेर भटकलात तर कुणी जाब विचारत नाही. पंधरा वर्षांचं मूल गॉब्लिन आणि शिकारी ढिगाने मारतं आणि संध्याकाळी येऊन बागेत रोपं लावतं, त्याचा त्याच्या मनावर काही ओरखडा नाही. निषिद्ध शाप शिकले तरी कुणी शाळेतून काढत नाही. ज्या पुस्तकांत एका चुकीच्या शब्दाने मैत्री तुटते, त्यांच्या जगात हे खटकतं. नातवाबरोबर यावर बोला. आणि त्याला विचारा, शाळेच्या चार हाउसपैकी त्याने कोणतं घेतलं. हफलपफ घेतलं असेल तरच ॲझकाबानचा तुरुंग आतून बघायला मिळतो, बाकी तीन हाउसच्या मुलांना नाही.

माझा मुलगा आणि मी एडिसनच्या पार्कमध्ये 'विझार्ड्स युनाइट' खेळायचो. त्याच्यासाठीच आम्ही रोज चालायला लागलो होतो. बंद झाल्यावर तो रडला. आता तो हायस्कूलमध्ये आहे आणि परवा पुन्हा विचारत होता. परत सुरू करायचा काही मार्ग?
— एक वाचक, न्यू जर्सी

नाही, दादा. नायँटिक कंपनीने हा चालत फिरून खेळायचा फोनवरचा गेम जून २०१९ मध्ये सुरू केला आणि ३१ जानेवारी २०२२ ला बंद केला. गेम तुमच्या फोनवर दिसायचा, पण राहायचा त्यांच्या सर्व्हरवर. सर्व्हर बंद झाला की फोनमध्ये उरतं ते फक्त चित्र. चीनमधून आलेल्या हॅरी पॉटरच्या 'मॅजिक अवेकन्ड' या गेमचंही तसंच झालं: अमेरिका-युरोपात २०२३ मध्ये आला आणि २०२४ मध्ये गुंडाळलाही. म्हणूनच म्हणते, जुन्या तबकड्या जपा. वर ठाणेकरांच्या मामेभावाची २००१ ची प्लेस्टेशनची तबकडी जुन्या मशीनवर आजही चालते, २०१९ चं ॲप नाही. मुलांनी ज्यात जीव गुंतवला ते असं एका तारखेला पुसून टाकायचं, याचा मला मनापासून राग येतो. निदान एकट्याने, इंटरनेटशिवाय खेळता येईल असा भाग तरी कंपन्यांनी मागे ठेवायला हवा. चालणं मात्र सोडू नका.

ताई, 'लेगसी'मध्ये क्विडिच का नाही? मी आठवीत आहे.
— नांदेड

गोष्टीत कारण असं दिलं आहे की हेडमास्तर फिनिअस नायजेलस ब्लॅक यांनी क्विडिचचे, म्हणजे झाडूवर बसून उडत खेळायच्या चेंडूच्या खेळाचे, त्या वर्षीचे सामने रद्द केले. झाडूवर बसून फिरता येतं, शर्यती लावता येतात, पण सामना नाही. क्विडिचच हवं असेल तर दोन गेम आहेत. २००३ चा 'क्विडिच वर्ल्ड कप', जो आता जुन्या तबकडीवरच मिळेल, आणि सप्टेंबर २०२४ चा 'क्विडिच चॅम्पियन्स'. नव्यात सीकर या खेळाडूने स्निच हा छोटा उडता चेंडू पकडल्यावर पुस्तकातल्या १५० ऐवजी ३० गुण मिळतात, त्यामुळे गोल करणाऱ्या चेझरच्या गोलांना किंमत आली आहे. पुस्तक वाचताना तुलाही कधी वाटलं असेल ना, की एकट्या सीकरनेच सगळा सामना का जिंकावा? इथे तो हिशेब बदलला आहे. मला हा बदल आवडला.

दोन मुली, एक सात वर्षांची, एक अकरा. दोघींना मिळून खेळता येईल, भांडण होणार नाही आणि धाकटीला इंग्रजी फारसं येत नाही. काही आहे का?
— एक बाबा, पुणे

आहे, आणि इचलकरंजीच्या विद्यार्थ्यानेही इकडे लक्ष द्यावं. 'लेगो हॅरी पॉटर', इंग्लंडच्या ट्रॅव्हलर्स टेल्सचा. दोन भाग आहेत: वर्षं १ ते ४ (२०१०) आणि वर्षं ५ ते ७ (२०११). नव्या कन्सोलसाठी दोन्ही मिळून एकच संच मिळतो, कॉम्प्युटरवर स्टीमवरही आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात.

यातली माणसं बोलतच नाहीत. हुंकार, खाणाखुणा आणि हावभाव यांवर सगळी गोष्ट सांगितली आहे. धाकटीला एक शब्द इंग्रजी आला नाही तरी स्नेप हा शिक्षक चिडला आहे हे बरोबर कळेल. दोघी एकाच पडद्यावर एका वेळी खेळतात, एक लांब गेली की पडदा आपोआप दुभागतो आणि जवळ आली की पुन्हा जोडला जातो. कुणी हरलं तर तिने खेळात जमवलेल्या थोड्या चकत्या सांडतात आणि ती तिथेच पुन्हा उभी राहते, त्यामुळे 'तुझ्यामुळे मेलो' हे भांडण होत नाही. कोडी अशी आहेत की एकीने मंत्राने फळी उचलून धरायची आणि दुसरीने त्यावरून पलीकडे जायचं. थोरलीला आधी सांगून ठेवा की धाकटीला मंत्र निवडायला वेळ लागेल. आणि सुरुवातीलाच दोन कंट्रोलर घ्या. कॉम्प्युटरच्या एकाच कीबोर्डवर चार हात मावत नाहीत.